उंदरांचे चार कोटी आणि चंद्राचे पाच अब्ज

२० जुलै १९६७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहासमोर एक लहानसं विधेयक आलं. शहरांमधल्या गरीब वस्त्यांतले उंदीर मारायला दोन वर्षांत मिळून ४ कोटी डॉलर द्यावेत, एवढीच त्यात मागणी होती. जिथे झोपलेल्या तान्ह्या मुलांना उंदीर चावायचे, अशा घरांसाठी हा पैसा होता. चर्चा सुरू झाली आणि सभागृहात हशा पिकला. नागरी हक्कांना इंग्रजीत 'सिव्हिल राइट्स' म्हणतात, त्याचं कुणीतरी 'सिव्हिल रॅट्स' केलं. उंदरांचा उच्चायुक्त कोणाला नेमणार, अशी चेष्टा झाली. व्हर्जिनियाच्या एका सदस्याने 'राइट नाऊ'चं 'रॅट नाऊ' करून विधेयक ताबडतोब पाडा म्हणून सांगितलं. डेट्रॉइटच्या सदस्य मार्था ग्रिफिथ्स उभ्या राहिल्या. इतिहासातल्या सगळ्या सेनापतींनी मिळून मारली नसतील एवढी माणसं उंदरांनी मारली आहेत, हे त्यांनी सभागृहाला सुनावलं. उपयोग झाला नाही. विधेयक चर्चेलाच घ्यायचं नाही, असं २०७ विरुद्ध १७६ मतांनी ठरलं.

तीन दिवसांनी, २३ जुलैच्या पहाटे, डेट्रॉइट वांशिक दंगलीत पेटलं. ४३ माणसं गेली, सात हजारांहून जास्त लोकांना अटक झाली, आणि शहर ताब्यात आणायला लष्कराच्या छत्रीधारी तुकड्या रस्त्यावर उतरवाव्या लागल्या. त्याच्या आदल्याच आठवड्यात न्यूअर्क शहरात अशाच दंगलीत २६ जण मेले होते.

नेमक्या याच दिवसांत, याच संसदेपुढे नासाची त्या वर्षाची मागणी पडून होती: ५.१ अब्ज डॉलर. म्हणजे ५१० कोटी. उंदरांसाठी दोन वर्षांना ४ कोटी आणि अवकाशासाठी एका वर्षाला ५१० कोटी, हे दोन आकडे एकाच उन्हाळ्यात एकाच इमारतीत होते. मग लोकप्रतिनिधींनी नासाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले यात नवल काय?

आपल्याकडेही चांद्रयानाच्या वेळी 'आधी रस्त्यातले खड्डे बुजवा' हे वाक्य घरोघरी ऐकू आलं. त्यामुळे अमेरिकेतली ही जुनी प्रश्नोत्तरं नीट समजून घेण्यासारखी आहेत. ती वरवर पाहिली तर 'चंद्र की झोपडपट्टी' असा सरळ सामना वाटतो. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण पैशाचा माग काढत गेलं की वेगळंच काही हाती लागतं.

पैसा मंजूर कसा होतो

आधी एक खुलासा. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, तिथली संसद. तिची दोन सभागृहं: सिनेट आणि प्रतिनिधीगृह. आपल्याकडे अर्थसंकल्प सरकार मांडतं, लोकसभेत सरकारचं बहुमत असतं आणि विरोधकांचा कपात प्रस्ताव सहसा मंजूर होत नाही. झाला तर सरकारचीच खुर्ची हलते. अमेरिकेत तसं नाही. राष्ट्राध्यक्ष फक्त मागतात. द्यायचं की नाही, किती द्यायचं, कोणत्या कामाला द्यायचं, हे काँग्रेस ठरवते. राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे सदस्य त्यांच्या मागणीला बिनदिक्कत कात्री लावतात आणि सरकारला काही होत नाही.

खात्याला पैसा मिळायला दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला परवानगीचा. त्या विषयाची समिती 'हे काम करायला आणि त्यावर इतक्यापर्यंत खर्च करायला हरकत नाही' असा कायदा पुढे आणते. दुसरा दरवाजा तिजोरीचा. तिथली वेगळी समिती प्रत्यक्ष रक्कम ठरवते, आणि परवानगी मिळाली म्हणून सगळी रक्कम मिळेलच असं नाही. दोन्ही दरवाजांवर, दोन्ही सभागृहांत, सुनावण्या होतात. लांबलचक टेबलामागे उंचावर सदस्य बसलेले, समोर खाली साक्षीदाराच्या खुर्चीत नासाचे प्रमुख जेम्स वेब, बाजूला कागदांचे गठ्ठे घेतलेले सहकारी. एकेका कार्यक्रमाचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, याला एवढे पैसे कशाला? असं दरवर्षी, दिवसचे दिवस चालायचं.

वेब हे शास्त्रज्ञ नव्हते. ते नॉर्थ कॅरोलायनाचे वकील, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या काळात सरकारचा अर्थसंकल्प सांभाळलेले. कुठल्या सदस्याच्या मतदारसंघात नासाचं काय काम चालतं हे त्यांना ठाऊक असायचं. केनेडींनी मे १९६१ मध्ये दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवण्याचं जाहीर केलं, त्यानंतरची काही वर्षं वेब यांना फारसा त्रास झाला नाही. १९६६ साली नासाचा खर्च शिखरावर होता, सरकारने खर्चलेल्या दर १०० डॉलरमधले जवळपास साडेचार डॉलर. कंत्राटदार, विद्यापीठं सगळी धरून सुमारे चार लाख माणसं या कामावर होती.

पहिल्या दरवाजावर बसलेली मंडळीही बहुतेक नासाची हितचिंतकच होती. सिनेटच्या समितीचे अध्यक्ष क्लिंटन अँडरसन न्यू मेक्सिकोचे, प्रतिनिधीगृहातले वजनदार ओलिन टीग टेक्ससचे. ज्यांच्या राज्यात कारखाने आणि तळ आहेत ते समितीत जागा मागून घेतात, हे तिथेही चालतं. प्रतिनिधीगृहाच्या समितीचे अध्यक्ष जॉर्ज मिलर कॅलिफोर्नियातल्या अलमेडाचे. अलमेडाला लागूनच ऑकलंड, आणि ऑकलंडमध्ये ऑक्टोबर १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याच पँथरवरून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. अवकाश समितीच्या अध्यक्षांचं घर आणि पँथरांचं शहर शेजारी शेजारी होतं, एवढं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसऱ्या दरवाजावर चित्र बदलायचं. तिजोरीच्या ज्या उपसमितीकडे नासा होती, तिच्याकडेच १९६५ साली नव्याने तयार झालेलं गृहनिर्माण व नगरविकास खातंही होतं. सकाळी गरिबांच्या घरभाड्याची मदत आणि दुपारी रॉकेट अशी ही गाठ होती. त्यामुळे तुलना सदस्यांच्या डोक्यात आपोआप व्हायची.

वॉट्स ते डाउनी

नासाचे अधिकारी या तुलनेला एक ठरलेलं उत्तर द्यायचे. चंद्रावर एकही डॉलर खर्च होत नाही, सगळा पैसा पृथ्वीवरच खर्च होतो, त्यातून लोकांना पगार मिळतात. उत्तर खरं आहे. आजही जगभर ते दिलं जातं. पण पृथ्वीवर म्हणजे नेमका कुठे, हा पुढचा प्रश्न त्या सुनावण्यांत क्वचितच कोणी विचारला, आणि माझ्या मते गाठ तिथेच आहे.

लॉस एंजेलिसचा नकाशा समोर घ्या. शहराच्या दक्षिण भागात वॉट्स ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथून पूर्वेला मोटारीने थोडं अंतर गेलं की डाउनी लागतं. डाउनीत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनचा कारखाना होता आणि अपोलोचं यान, ज्यात बसून माणसं चंद्राकडे गेली ते, तिथे तयार होत होतं. ११ ऑगस्ट १९६५ च्या संध्याकाळी वॉट्सजवळ पोलिसांनी एका तरुण चालकाला अडवलं, गर्दी जमली, बाचाबाची झाली आणि सहा दिवस आग धुमसली. ३४ माणसं मेली. पुढच्याच आठवड्यात, २१ ऑगस्टला, जेमिनी ५ हे यान कूपर आणि कॉनरॅड यांना घेऊन आठ दिवसांच्या फेरीवर गेलं. वर्तमानपत्रांत या दोन बातम्या पाठोपाठ आल्या.

दंगलीची चौकशी करायला राज्याने नेमलेल्या आयोगाने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. सीआयएचे माजी प्रमुख जॉन मकोन त्याचे अध्यक्ष होते, म्हणजे काही डावे पुढारी नव्हेत. त्यांच्या अहवालात एक अगदी साधी गोष्ट आहे: या भागात बससेवा नीट नाही, आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याला दूरच्या नोकरीवर जाताच येत नाही. लॉस एंजेलिससारख्या अवाढव्य पसरलेल्या शहरात मोटार नसणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्या कोणालाही विचारा. बस बदलत बदलत दोन-दोन तास जायचे, तेवढंच भाडं मोजायचं. मोटारीने थोडं दूर असलेल्या कारखान्यात जगातलं सगळ्यात गुंतागुंतीचं वाहन बांधलं जात होतं आणि वॉट्समधल्या बेकार माणसाला त्या दिशेला जाणारी धड बस नव्हती. त्यातून कारखान्याच्या दारापर्यंत पोचलाच, तरी आत घेण्यासाठी लागणारं शिक्षण त्याच्या शाळेने दिलेलं नसायचं, आणि दिलेलं असलं तरी कातडीचा रंग आड यायचा.

म्हणून 'पैसा पृथ्वीवरच खर्च होतो' हे उत्तर वॉट्समध्ये कोणाला पटलं नसतं. ह्यूस्टन, हंट्सव्हिल, फ्लोरिडातला केप केनेडीचा उड्डाणतळ, डाउनी इथे तो खर्च झाला. जळलेल्या मोहल्ल्यांत तो फारसा पोचलाच नाही.

१९६७: दोन वेगळ्या उलटतपासण्या

त्या वर्षी काँग्रेसने नासाला दोनदा धारेवर धरलं, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे.

पहिली आगीची. २७ जानेवारी १९६७ ला केपवर सराव चालू असताना अपोलो यानात आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट, चॅफी हे तिघे अंतराळवीर आतच मेले. यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला, दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यामुळे आतला दाब वाढल्यावर ते उघडणं अशक्य झालं. फेब्रुवारीच्या अखेरीस सिनेटच्या समितीपुढे सुनावणी होती. मिनेसोटाचे तरुण सदस्य वॉल्टर माँडेल यांनी विचारलं, नॉर्थ अमेरिकनच्या ढिसाळ कामाबद्दल नासाच्याच अधिकाऱ्यांनी पूर्वी एक अहवाल केला होता, तो खरा आहे का? मानवी उड्डाणांचे प्रमुख जॉर्ज म्यूलर यांनी असा काही अहवाल आपल्या माहितीत नसल्याचं सांगितलं. वेब यांना तर त्याचा पत्ताच नव्हता.

अहवाल होता. अपोलोचे संचालक सॅम्युएल फिलिप्स यांनी डिसेंबर १९६५ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्षांना खरमरीत पत्र लिहून कामातल्या त्रुटींची जंत्री पाठवली होती. पुढे न्यूयॉर्कचे सदस्य विल्यम फिट्स रायन यांनी ती कागदपत्रं जाहीरच करून टाकली. वेब संतापले ते आपल्याच माणसांवर, कारण त्यांची सगळी भिस्त काँग्रेसच्या विश्वासावर होती. सुनावणीत साक्षीदाराची खरी पुंजी तीच असते. पुढच्या वर्षी तोच माणूस त्याच खुर्चीत येऊन पैसे मागणार असतो. मागच्या वेळी हातचं राखून बोलला हे एकदा लक्षात राहिलं की पुढचा प्रत्येक आकडा संशयाने पाहिला जातो.

दुसरी उलटतपासणी उन्हाळ्यातली. डेट्रॉइटची राख अजून गरम होती. ३ ऑगस्टला ह्यूस्टनच्या केंद्राने २८ कंपन्यांना एक विनंतीपत्र पाठवलं: मंगळ आणि शुक्राजवळून माणसांना नेऊन आणण्याच्या मोहिमेचा अभ्यास करून द्या. अभ्यासाचीच गोष्ट, रक्कमही मोठी नव्हती. पण सत्तरच्या दशकात माणसं मंगळाकडे पाठवण्याचा तो विचार होता, आणि काँग्रेसने तशी परवानगी दिलेली नव्हती.

जोसेफ कार्थ यांचा पारा चढला. कार्थ मिनेसोटातल्या सेंट पॉलचे, रसायन कामगारांच्या संघटनेतून वर आलेले आणि प्रतिनिधीगृहाच्या अवकाश-विज्ञान उपसमितीचे अध्यक्ष. म्हणजे नासाचे वैरी नव्हेत, पाठीराखे. मंगळावर माणूस पाठवणं हा विषय आत्ता नाहीच आणि अशा वेळी जो कोणी पैसा असा भलतीकडे वळवेल त्याला आम्ही रोखू, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. घरातला माणूस असं बोलतो तेव्हा शेजारी गप्प बसत नाहीत. त्या वर्षी मंगळासाठीच्या व्हॉयेजर कार्यक्रमाला नासाने ७ कोटी १५ लाख डॉलर मागितले होते. काँग्रेसने एक डॉलरही दिला नाही. (१९७७ साली निघालेली प्रसिद्ध व्हॉयेजर यानं ती ही नव्हेत. नाव तेवढं पुन्हा वापरलं.) चंद्रानंतरच्या कामांसाठी ठेवलेल्या अपोलो उपयोजन कार्यक्रमाच्या ४५ कोटींनाही मोठी कात्री लागली. शेवटी ५.१ अब्जच्या जागी नासाच्या हाती ४.५९ अब्ज पडले.

चंद्राच्या मुख्य मोहिमेला मात्र धक्का लागला नाही. केनेडींनी दिलेला शब्द होता, रशियाशी शर्यत होती आणि निम्म्याहून जास्त वाट चालून झाली होती. छाटलं गेलं ते चंद्राच्या पुढचं.

वाचलेला पैसा गेला कुठे?

नासाची ५० कोटींची कपात झाली. मग ते ५० कोटी डेट्रॉइटला, न्यूअर्कला, वॉट्सला मिळाले असतील?

नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी शहरांच्या पुनर्बांधणीच्या 'मॉडेल सिटीज' योजनेला ६६ कोटी २० लाख डॉलर मागितले होते, काँग्रेसने दिले ३१ कोटी २० लाख. गरिबांच्या घरभाड्याला हातभार लावण्याच्या योजनेला ४ कोटी मागितले, मिळाले १ कोटी. उंदरांच्या विधेयकाची कथा वर आलीच आहे. देशभर छी-थू झाल्यावर ते सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका आरोग्य विधेयकाला जोडून कसंबसं मंजूर झालं. रॉकेटला कात्री लावणाऱ्या काँग्रेसने शहरांना, मागणीच्या प्रमाणात पाहिलं तर, त्याहून मोठी कात्री लावली.

घरखर्चात आपण सिनेमाचे पैसे वाचवले तर ते किराण्याला वापरता येतात, कारण पाकीट एकच असतं. सरकारी तिजोरीत तसं होत नाही. नासाच्या विधेयकातून १० कोटी काढले की ते घरांच्या विधेयकात जाऊन पडत नाहीत. ती फक्त न झालेली उधारी असते, तूट तेवढी कमी होते. दुसऱ्या योजनेला पैसे हवे असतील तर त्यासाठी वेगळं बहुमत जमवावं लागतं. दक्षिणेकडचे आणि काटकसरवाले सदस्य नासावर कुऱ्हाड चालवायला शहरवाल्या उदारमतवाद्यांबरोबर आनंदाने यायचे. शहरांसाठी पैसे द्यायची वेळ आली की तेच पाठ फिरवायचे. माँडेल, रायन यांच्यासारख्यांना हे कळत होतं. प्रश्न त्यांचा प्रामाणिक होता, पण मतदानात शेजारी उभे राहणारे वेगळ्याच हेतूने उभे होते.

खरा मोठा खर्च चालला होता व्हिएतनाममध्ये. त्या युद्धावर वर्षाला २० अब्जांहून जास्त डॉलर जात होते, नासाच्या चौपट. महागाई वाढत होती. ऑगस्ट १९६७ मध्ये जॉन्सन यांनी प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार मागितला. करांच्या समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स अडून बसले: आधी खर्च कमी करा. जून १९६८ मध्ये अधिभार मिळाला, पण त्याबरोबर खर्चात ६ अब्जांची कपात करण्याची अट कायद्यातच घातली गेली. एरवी नासाची बाजू घेणाऱ्या जॉन्सन यांनी आधीच्या वर्षीच, परिस्थिती बदलली आहे म्हणत, नासाची कपात निमूटपणे मान्य करून टाकली होती. सिनेटमध्ये असताना नासा स्थापन करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्यांनी असं म्हणणं वेब यांना किती लागलं असेल!

युद्धाच्या २० अब्जांवर असा हात टाकता येत नव्हता. सैनिक रणांगणावर असताना रसद तोडायला कोण धजणार? मग ज्याला हात लावता येतो त्यालाच लावला गेला. चंद्र आणि वस्ती यांना एकमेकांसमोर उभं करून जो वाद रंगला, त्यात तिसरा, सगळ्यात मोठा खर्च आपसूक झाकला गेला.

धूर काँग्रेसच्या दारात

४ एप्रिल १९६८ ला सकाळी सात वाजता केपवरून अपोलो ६ उडालं. त्यात माणसं नव्हती, महाकाय सॅटर्न ५ रॉकेटची ती दुसरी चाचणी होती. रॉकेट जोराने हादरलं, दुसऱ्या टप्प्यातली दोन इंजिनं मध्येच बंद पडली. एरवी दुसऱ्याच दिवशी समित्यांनी नासाला बोलावून घेतलं असतं. पण त्याच संध्याकाळी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. शंभराहून जास्त शहरांत आगडोंब उसळला. वॉशिंग्टनची चौदावी आणि सातवी गल्ली जळत होती. कॅपिटॉलच्या, म्हणजे जिथे हे सगळे प्रश्न विचारले जात त्या इमारतीच्या, पायऱ्यांवर मरीन सैनिक मशीनगन लावून बसले.

त्याआधी पाच आठवडे, शहरांतल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाचा अहवाल आला होता. देश दोन समाजांकडे चालला आहे, एक काळा, एक गोरा, वेगळे आणि असमान, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तीन वर्षांत २० लाख नोकऱ्या आणि पाच वर्षांत ६० लाख घरं, अशा त्याच्या शिफारशी होत्या. जॉन्सन यांनी हा आयोग स्वतः नेमला आणि अहवाल आल्यावर त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. पैसा नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये वेब यांनी सॅटर्न ५ ची १५ नंतरची बांधणी थांबवली. चंद्रावर पहिलं पाऊल पडायच्या जवळजवळ वर्षभर आधीच ते रॉकेट बनवायचं बंद करण्याचा निर्णय झाला होता, हे अनेकांना ठाऊक नसतं. सप्टेंबरात त्यांनी राजीनामाही जाहीर केला.

किंग यांच्यामागे चळवळ सांभाळणारे राल्फ अबरनॅथी १५ जुलै १९६९ ला, अपोलो ११ निघायच्या आदल्या दिवशी, केपला पोचले. बरोबर गरीब कुटुंबं, खेचरं जोडलेली गाडी, आणि हातात फलक: अंतराळवीराच्या जेवणाला दिवसाला १२ डॉलर, भुकेल्या मुलाला ८ डॉलरमध्ये जेवू घालता येईल. आभाळ भरलेलं, बारीक पाऊस. नासाचे नवे प्रमुख थॉमस पेन मोकळ्या मैदानात त्यांना सामोरे गेले. अबरनॅथींनी तीन गोष्टी मागितल्या: आमच्यातल्या दहा कुटुंबांना उड्डाण पाहू द्या, गरिबी-भुकेविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा द्या, तुमच्या तंत्रज्ञांना भुकेच्या प्रश्नावर कामाला लावा. पेन म्हणाले, उद्या ती कळ न दाबल्याने देशातली गरिबी मिटणार असेल तर आम्ही ती दाबणार नाही. चंद्रावर जाणं हे या प्रश्नांच्या तुलनेत सोपं आहे, हेही त्यांनी मान्य केलं. कुटुंबांना पास मिळाले. अबरनॅथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली.

मला हा प्रसंग समित्यांच्या सगळ्या सुनावण्यांपेक्षा मोलाचा वाटतो. समितीच्या खोलीत प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही पोटभर जेवून आलेले असत. इथे ज्याच्या नावाने वाद चालला होता तो माणूस स्वतः समोर होता. आणि पेन यांचं वाक्य मनापासूनचं असलं तरी त्यातही तीच अडचण आहे. ती कळ न दाबल्याने गरिबी मिटणार नव्हतीच, कारण त्या कळीतून गरिबांच्या घराकडे तार गेलेलीच नव्हती.

चंद्र गाठल्यावर प्रश्न आणखी धारदार झाले. न्यूयॉर्कचे एड कोच, जे पुढे त्या शहराचे महापौर झाले, तेव्हा विज्ञान समितीत होते. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतल्या घरांत उंदीर आहेत हे मला माहीत असताना मंगळावर सूक्ष्मजंतू शोधायला मी मत कसं देऊ, असं त्यांनी विचारलं. उंदीर पुन्हा हजर! एप्रिल १९७० मध्ये कार्थ यांनी शटल आणि अवकाशस्थानकाचे पैसे काढून टाकण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा मतं ५३-५३ अशी समसमान पडली आणि ती नामंजूर झाली. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर स्पेस शटलचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. सिनेटमध्ये माँडेल यांनीही तसाच प्रयत्न केला, तिथेही ते हरले.

पैशाचा वाद असा वर्षानुवर्षं चालला. 'पृथ्वीवर कुठे, कोणाला' हा प्रश्न मात्र शेवटी काँग्रेसच्या बाहेरून नव्हे, नासाच्या आतूनच आला. रूथ बेट्स हॅरिस या कृष्णवर्णीय अधिकारी समान संधीचं काम पाहायला १९७१ साली नासात आल्या. १९७३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह प्रमुखांना अहवाल दिला: नासाचा समान संधीचा कार्यक्रम जवळजवळ पूर्ण अपयशी आहे. अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांचं प्रमाण ५.६ टक्के, केंद्र सरकारच्या मोठ्या खात्यांमध्ये सगळ्यात कमी. त्यात एक वाक्य असं होतं की नासाने आजवर तीन माद्या अवकाशात पाठवल्या, अरबेला आणि अनिता या दोन कोळी आणि मिस बेकर ही माकडीण.

पुढच्या महिन्यात हॅरिस यांना काढून टाकण्यात आलं. देशभर आरडाओरडा झाला आणि जानेवारी १९७४ मध्ये नासाच्या अधिकाऱ्यांना पुन्हा सिनेटच्या समितीसमोर बसावं लागलं. या वेळी प्रश्न किती अब्ज हा नव्हता, तुमच्याकडे कामाला कोण आहे हा होता. ऑगस्टमध्ये हॅरिस यांना परत घेण्यात आलं. जानेवारी १९७८ मध्ये नासाने ३५ नव्या अंतराळवीरांची तुकडी जाहीर केली. त्यात सहा स्त्रिया होत्या, आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष. त्यांच्यातलेच फिलाडेल्फियाचे गाय ब्लूफोर्ड ३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री, पावसाळी आभाळातून, केपवरून वर गेले.